सुपरमॅनचं सुतक

माणसाची श्रद्धा उडण्याचे आपल्याकडे काही ठरलेले प्रकार आहेत. कुणाची देवावरची उडते, कुणाची डॉक्टरवरची, कुणाची सरकारवरची. देवावरची उडाली की माणूस नास्तिक होतो, डॉक्टरवरची उडाली की होमिओपॅथीकडे वळतो आणि सरकारवरची उडाली की वर्तमानपत्राला पत्र लिहितो. थोडक्यात, प्रत्येक अश्रद्धेची समाजाने काही ना काही सोय करून ठेवलेली आहे. पण साठी केव्हाच उलटलेल्या, बँकेतून रीतसर निवृत्त झालेल्या, मधुमेहाची गोळी वेळेवर घेणाऱ्या एखाद्या गृहस्थाची सुपरमॅनवरची श्रद्धा उडाली तर त्याने कुठं जायचं? समाचाराला कुणी येत नाही. आपण होऊन दुःख सांगावं, तर ऐकणारा आधी आपल्या केसांकडे बघतो आणि मग आपल्या बायकोकडे, फार सहानुभूतीने.

तो गृहस्थ मीच, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.

हे वेड मला लागलं ते वेताळापासून. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि पुढे ते मराठीतही येऊ लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाड्याने पुस्तकं देणारा बसायचा. घरी न्यायला दहा पैसे, तिथंच फळीवर बसून वाचायला पाच. मी पाच पैशांतला वाचक. पाय लोंबकळत ठेवून, शेजारच्याच्या खांद्यावरून त्याचंही पुस्तक वाचून घेत, मी डेंकालीच्या जंगलात हिंडून यायचो. पुढे बँकेत लागलो, मुंबईला बदली झाली, आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अमेरिका सापडली. कोलंबसापेक्षा फक्त पावणेपाचशे वर्षं उशिरा. सुपरमॅन, बॅटमन, स्पायडरमॅन. कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाची शेवटची पानं. पहिला भाग वाचल्यावर दुसरा मिळायला दीड वर्ष लागायचं, आणि तोवर तिसरा वाचून झालेला असायचा. एका कड्यावर लोंबकळणारा स्पायडरमॅन मी १९७८ ते १९८१ तसाच लोंबकळत ठेवला होता. तेवढ्यात माझं लग्न होऊन गेलं.

आमच्या हिने सुरुवातीला हे सगळं "लहान मुलांसाठी जमवताय वाटतं" म्हणून गोड मानून घेतलं. मुलगा झाला, तो मोठा झाला, त्याला क्रिकेटचा नाद लागला आणि माझं पितळ उघडं पडलं.

आता बँकेतल्या माणसाला यात काय एवढं सापडावं? मला विचाराल तर बँकेतल्या माणसालाच सापडावं! क्लार्क केंट हा आमच्यापैकीच एक. चष्मा, भिडस्त स्वभाव, ऑफिसात कुणी विचारत नाही, साहेब खेकसतो, आवडलेली मुलगी दुसऱ्याच कुणाच्या तरी पराक्रमावर भाळलेली. सगळं जमलं. फरक एवढाच की त्याने शर्टाची बटणं तोडली की आत निळा पोशाख निघतो आणि आम्ही तोडली की बनियन निघतं. पण लोकलमध्ये दारात लोंबकळताना प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाला आपल्या बनियनच्या आत काहीतरी असल्याचा संशय असतोच. तो संशय नसता तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना सकाळी उठवलं नसतं.

आणि सुरुवातीचा सुपरमॅन खरोखर प्रेमात पडावं असाच होता. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी तो काढला आणि १९३८ साली तो पहिल्यांदा छापून आला. तेव्हा त्याला उडताही येत नव्हतं. मैलाचा आठवा हिस्सा उडी मारता यायची, बस्स. पण पहिल्याच अंकात त्याने काय केलं? फाशी जाणाऱ्या निरपराध बाईला वाचवलं आणि बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला चोप दिला. पुढं १९३९ च्या एका गोष्टीत तर त्याने अख्खी झोपडपट्टी पाडली, का, तर मग सरकारला तिथं चांगली घरं बांधावीच लागतील! आज आमच्या उपनगरात तो आला असता तर बिल्डरांनी त्याला खांद्यावरून मिरवलं असता. ते सोडा. मुद्दा असा, की ज्याच्या अंगात बळ आहे तो ज्याच्या अंगात नाही त्याच्या बाजूने उभा आहे, हे दृश्य त्या पानांवर होतं. पानांच्या बाहेर ते मी फारसं पाहिलेलं नव्हतं.

मग १९६२ साली स्पायडरमॅन आला. पंधरा वर्षांचा पोर. अंगात शक्ती आल्यावर तो आधी पैसे मिळवायला निघतो, समोरून पळणाऱ्या चोराला "मला काय त्याचं" म्हणून जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकाला, बेनकाकाला, गोळी घालतो. तिथून त्याला कळतं की शक्ती म्हणजे आयुष्यभराचं देणं आहे. आता हे तत्त्वज्ञान आपल्या संतांनी सांगितलेलं नाही असं नाही. पण संतांनी ते रंगीत चित्रांत सांगितलेलं नव्हतं.

आणि १९७३ चा तो अंक! पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला खलनायक पुलावरून खाली फेकतो. स्पायडरमॅन जाळं टाकून तिला अधांतरी झेलतो, वर ओढून घेतो, आणि बघतो तर ती गेलेली. बारकाईने पाहिलं तर लक्षात येतं की जाळ्याने अचानक बसलेल्या हिसक्यानेच तिची मान मोडलेली आहे. म्हणजे वाचवण्यानेच मारलं. हा अंक मी फाउंटनवर विकत घेऊन चर्चगेटला येईपर्यंत वाचला आणि माझी विरारगाडी सुटली. पुढचीही सोडली. शक्ती असली, नियत चांगली असली, वेळेवर पोचलो, तरी हातून वाईट होऊ शकतं आणि ते परत घेता येत नाही. ही गोष्ट मला कुठल्याही कीर्तनकाराने इतकी नीट सांगितलेली नव्हती.

'परत घेता येत नाही' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. सगळा घोटाळा पुढे तिथंच झाला.

मी बँकेत पस्तीस वर्षं हिशेब लिहिले. एकदा नोंद झाली की ती पुसता येत नाही, हा तिथला पहिला धडा. उलट नोंद करता येते, पण तिची कारणं द्यावी लागतात, साहेबाची सही लागते, आणि दोन्ही नोंदी कायम दिसत राहतात. याखेरीज एक सस्पेन्स खातं असतं. जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही, ती तात्पुरती तिथं ठेवायची. 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा. कुठल्याही शाखेतलं सस्पेन्स खातं फुगायला लागलं की ऑडिटरच्या भुवया वर जातात. सुपरहिरोंच्या जगात, मला हळूहळू दिसायला लागलं, सगळं जगच सस्पेन्स खात्यात ठेवलेलं होतं, आणि ऑडिटर कधी येतच नव्हता.

पहिला धक्का जीन ग्रेने दिला. ही एक्स-मेनमधली. अमर्याद शक्ती अंगात येऊन ती बेभान होते आणि एक अख्खा ग्रह, त्यावरच्या अब्जावधी जिवांसकट, नष्ट करते. मूळ बेत असा होता म्हणतात, की तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला घरी पाठवायचं. पण मुख्य संपादक जिम शूटर यांनी हरकत घेतली. एवढ्या हत्या केल्यावर नुसतं घरी कसं पाठवता? शिक्षा हवी. मला हे वाचून त्या संपादकांना नमस्कार करावासा वाटला. १९८० साली जीन ग्रे शुद्धीवर असताना, आपण पुन्हा तेच करू या भीतीने, स्वतःचा प्राण देते. डोळ्यांत पाणी आणणारा अंक. नोंद झाली, सही झाली, खातं बंद.

१९८६ साली खातं उघडलं! कळलं ते असं, की ती जीन ग्रे नव्हतीच. तिचं रूप घेतलेली ती एक वैश्विक शक्ती होती. खरी जीन ग्रे एका कोशात, न्यू यॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी, सुखरूप झोपलेली होती. म्हणजे पाप तिचं नव्हतं आणि प्रायश्चित्तही तिचं नव्हतं. मग माझ्या डोळ्यांतलं पाणी कुणाच्या खात्यात टाकायचं?

त्यानंतर नोव्हेंबर १९९२ मध्ये खुद्द सुपरमॅन वारला. बातमी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांत आली. न्यू जर्सीचा माझा मेहुणा पुढच्या मे महिन्यात आला तो माझ्यासाठी तो अंक घेऊनच. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. आत मृत्युलेख आणि दंडावर बांधायची काळी पट्टीसुद्धा आहे म्हणे.

"फक्त पिशवी फोडू नका हं भावजी," मेहुणा म्हणाला, "फोडली की किंमत जाते. वीस वर्षांनी बघा, पोरांची शिक्षणं निघतील यावर."

म्हणजे दंडावर पट्टी बांधायची सोय होती, पण बांधायची नव्हती. प्रेताचं तोंड न बघता शोक करायचा होता. हिने विचारलं, "सुतक किती दिवसांचं?" मी म्हटलं, "परकं माणूस, तीन दिवस." तिसऱ्या रात्री मी पिशवी फोडली. मेहुणा हळहळला, पण त्याने हळहळायचं कारण नव्हतं. सगळ्या अमेरिकेने तो अंक पिशवीसकट लाखोंनी जपून ठेवल्यामुळे त्याची किंमत कधी वाढलीच नाही. त्या काळात तिकडं हाच धंदा चालला होता. १९९१ साली एक्स-मेनचा एक पहिला अंक वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांनी काढला आणि ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपवल्या. एकच माणूस पाचही घ्यायचा आणि एकही वाचायचा नाही. मग फुगा फुटला आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बँकेतला माणूस म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही.

सुपरमॅन अर्थातच परत आला. १९९३ मध्येच. वर्षश्राद्धाचीसुद्धा वाट पाहिली नाही. आधी त्याच्या जागेवर हक्क सांगणारे चार जण उपटले, आपल्याकडे मयताच्या तेराव्याला येतात तसे, आणि मग तो स्वतः आला, खांद्यापर्यंत केस वाढवून. मेल्यावर केस का वाढावेत हे मला अजून कळलेलं नाही. बरं, त्याला मारणारा राक्षसही पुढे परत आला. म्हणजे उभयपक्षी तडजोड.

तेव्हापासून मी सुतक पाळायचं सोडलं. २००७ साली कॅप्टन अमेरिकाला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळी घातली, पुन्हा मोठमोठ्या बातम्या. मी हिला म्हटलं, "दोन-तीन वर्षं थांब." २००९ मध्ये कळलं की ती गोळी साधी नव्हतीच, तिने त्याला मारलं नव्हतं, काळाच्या प्रवाहातून सैल केलं होतं! नोकरीत असताना कामावर न आलेल्या शिपायांनी मला पुष्कळ कारणं सांगितली. हे कुणाला सुचलं नव्हतं.

आता एक प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बॅटमनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड नावाचा पोर, वाचकांना फारसा आवडत नव्हता. १९८८ साली कंपनीने दोन टेलिफोन नंबर जाहीर केले. जगावा असं वाटत असेल तर हा नंबर, मरावा असं वाटत असेल तर तो. एका फोनला पन्नास सेंट. जगावा म्हणणारे फोन आले ५,२७१, मरावा म्हणणारे ५,३४३. बहात्तर मतांनी पोर मेला. जोकरने त्याला आधी लोखंडी कांबीने मारलं आणि मग बॉम्बने उडवलं.

हा आकडा मी अनेकांना सांगितला. सगळे हसतात. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण थोड्या वेळाने वाटतं, ज्या पानांनी 'दुबळ्याला वाचवा' म्हणून शिकवलं, त्यांच्यावर वाढलेली ही माणसं. एका पोराला वाचवायला पन्नास सेंट आणि मारायलाही पन्नास सेंट, असा समान भाव मिळाल्यावर त्यांनी काय निवडलं! बरं, मारून तरी काय मिळालं? २००५ साली जेसन टॉड परत आला. कसा? दुसऱ्या कुठल्या तरी विश्वातल्या एका सुपरबॉयने रागाच्या भरात वास्तवाच्या भिंतीला बुक्क्या मारल्या, त्या हादऱ्याने हा थडग्यात जिवंत झाला. मी शब्दशः सांगतोय, माझ्या पदरचं काही नाही.

बॅटमन आणि जोकर हा तर स्वतंत्र खटला आहे. आमच्या शेजारी एक फौजदारी वकील राहतात. त्यांना एकदा मी गॅलरीत बसून सगळं सांगितलं. हा जोकर माणसं मारतो. बॅटमन त्याला पकडतो. त्याला अर्कम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात. तो पळतो, आणखी माणसं मारतो. बॅटमनची शपथ आहे की आपण जीव घ्यायचा नाही. म्हणून तो पुन्हा पकडतो.

"किती वर्षं चाललंय?" वकिलांनी विचारलं.

"१९४० पासून."

"दिवाणी दावा आहे का हो?"

मग गंभीर होऊन ते म्हणाले, "हे बघा, मला तुमच्या बॅटमनची शपथ पटते. खासगी माणसाने फाशी देऊ नये, हे बरोबरच आहे. पण इस्पितळाचं कुलूप का बदलत नाहीत?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता, आणि उत्तर मात्र मला ठाऊक होतं. १९४० मध्ये जोकर ज्या अंकात पहिल्यांदा आला, त्याच अंकाच्या शेवटी त्याला मारायचा बेत होता. संपादकांना वाटलं, असा खलनायक पुन्हा मिळायचा नाही, म्हणून शेवटी एक चौकट वाढवून त्याला जिवंत ठेवला. कुलूप बदललं तर पुढच्या महिन्याचा अंक कशावर काढायचा?

म्हणजे बॅटमनची शपथ खरी आहे का खोटी, हा प्रश्नच निकालात निघतो. भीष्माने प्रतिज्ञा केली आणि ती पाळली. तिची किंमत अंबेने दिली, द्रौपदीने भर सभेत दिली, सबंध कुळाने दिली. ती प्रतिज्ञा चांगली की वाईट यावर आपण आजतागायत भांडू शकतो, कारण व्यासांनी तिचा हिशेब पुरा केला. भीष्माला बाणांवर झोपवून सगळी बाकी त्याच्या समोर मांडली. बॅटमनच्या शपथेची किंमतही दुसरेच देतात, शेकड्यांनी देतात. पण त्याला कुणी शरशय्येवर झोपवत नाही. त्याची बाकी दर महिन्याला पुढच्या पानावर ओढली जाते.

आणि माझा लाडका पीटर पार्कर? त्याचं १९८७ साली मेरी जेनशी लग्न झालं होतं. वीस वर्षांचा संसार. २००७ साली त्याच्या म्हाताऱ्या मेकाकूला गोळी लागली, ती मरणपंथाला लागली, आणि हा गृहस्थ सैतानाकडे गेला. सैतान म्हणाला, काकू जगेल, पण तुमचं लग्न मला दे. झालेलंच नव्हतं असं होईल, कुणाला आठवणारसुद्धा नाही. आणि याने दिलं! कारण काय, तर संपादकांना नायक तरुण आणि सडाफटिंग हवा होता.

हे ऐकून ही चक्क पोळी लाटायची थांबली. "काकूसाठी बायको सोडली?"

"हो."

"आणि काकूला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. कुठलीही शहाणी काकू "मला जाऊ द्या, माझं झालंय आता, तुम्ही सुखाने नांदा" असंच म्हणाली असती. ज्या पोराने पंधराव्या वर्षी काकाचं मरण स्वतःच्या माथ्यावर घेतलं, आणि त्या ओझ्याखाली पंचेचाळीस वर्षं इमानाने चालला, त्याला शेवटी लेखकांनी काय शिकवलं? की ओझं जड झालं तर ते उतरवून देणारा एक दुकानदार असतो.

आमचे चिरंजीव आता चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्यांचं म्हणणं वेगळं. "बाबा, गोष्ट आहे ती. शेरलॉक होम्सलाही लेखकाने १८९३ मध्ये दरीत ढकललं होतं, लोकांनीच ओरडा करून परत आणवला की नाही १९०३ मध्ये? लोकांना शेवट नको असतो. तुम्हाला तरी कुठं हवा होता? सुपरमॅन खरंच कायमचा मेला असता तर तुम्ही कंपनीला पत्र लिहिलं असतं."

यात तथ्य आहे हे मला मान्य. चिरंजीव वकिलीला गेले असते तर नाव काढलं असतं. पण होम्स एकदाच परत आला, आणि पुढे रीतसर निवृत्त होऊन ससेक्सला मधमाश्या पाळत बसला. निवृत्तीची किंमत ज्याने निवृत्तीचे कागद भरले आहेत त्यालाच कळते. सुपरमॅनला १९३८ पासून कुणी घड्याळ देऊन निरोप दिलेला नाही.

आणि 'चिरंजीव' हा शब्द आला म्हणून सांगतो. आपल्या पुराणात सात चिरंजीव आहेत. सहाजणांचं ठीक आहे. सातवा अश्वत्थामा. त्याला मरण नाही हे वरदान नव्हे, शिक्षा आहे. कपाळावरची जखम घेऊन तो तेल मागत हिंडतो असं आपल्याकडचे लोक अजून सांगतात. कृष्णाला स्वतःला पारध्याच्या बाणाने जायची मुभा होती. पांडव एकेक करून वाटेत पडले, युधिष्ठिराने मागे वळून पाहिलं नाही. न मरण्याची सक्ती झाली ती ज्याने झोपलेल्या पोरांना मारलं त्याला. आपल्या पूर्वजांना मी बाकी कशाबद्दल काहीही म्हणो, पण कथा कशी संपवावी आणि न संपणं हे कुणाच्या वाट्याला द्यावं, हे त्यांना कळत होतं. त्या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या सगळ्या सज्जनांना पकडून अश्वत्थामा करून टाकलंय.

यात कुणाचा फायदा झाला म्हणावं, तर ज्यांनी त्यांना जन्म दिला त्यांचाही नाही. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. पुढे ते कोर्टात गेले, अंकावरून त्यांची नावंही गेली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा सिनेमा येणार म्हटल्यावर सीगलने जाहीर ओरडा केला, तेव्हा दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर मिळाले आणि नावं परत छापली गेली. बॅटमन घडवण्यात ज्याचा मोठा हात होता तो बिल फिंगर १९७४ साली वारला. त्याचं नाव श्रेयात यायला २०१५ उजाडलं. तो मात्र परत आला नाही. खऱ्या माणसांना ती सवलत नाही.

खऱ्या माणसांवरून मला आमचा दादा आठवतो. वडील आजारी पडले तेव्हा दादा मॅट्रिक झाला होता, चांगल्या मार्कांनी. त्याने कॉलेजचा फॉर्म आणला होता, तो भरला नाही, आणि सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला. त्याच्या पगारावर मी शिकलो, बहिणीचं लग्न झालं. पाच पैसे मला रोज तोच द्यायचा, वेताळासाठी. पुढे सगळं ठीक झालं, घरात पैसा आला, पण दादाची ती चार वर्षं काही परत आली नाहीत. त्याचा कॉलेजात जाणारा दादा कुठल्या उपसागराच्या तळाशी कोशात झोपलेला नव्हता. कुठल्या सैतानाने ती नोंद खोडून दिली नाही. त्याने दिलं ते गेलं, कायमचं गेलं, आणि म्हणूनच ते देणं होतं. परत मिळणारच असेल तर त्याला आम्ही बँकेत ठेव म्हणतो.

दादा आठ वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत त्याने हा विषय काढला नाही. एकदा मीच काढला, तर म्हणाला, "अरे, तेव्हा दुसरं काय करणार होतो?" आणि चहा मागितला.

म्हणून हल्ली मला वेताळाबद्दल पुन्हा आदर वाटायला लागलाय. जंगलातले लोक समजतात की तो चारशे वर्षं जगतोय, त्याला मरण नाही. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून ठाऊक असतं की हा एकविसावा आहे. आधीचे वीस मेले. प्रत्येकाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, प्रत्येक जण गुहेत पुरला गेला, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी तो मुखवटा उचलला. बाहेरून अमर, आतून एकवीस मर्त्य माणसं. लहानपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटायचा, कधी एकदा मारामारी येते असं व्हायचं. आता मारामारीची पानं मी उलटून टाकतो आणि गुहेतल्या त्या ओळीने असलेल्या थडग्यांपाशी थांबतो.

गेल्या दिवाळीला हिने माळा रिकामा करायचं फर्मान काढलं. सतरा गठ्ठे निघाले. रद्दीवाला वजनकाटा घेऊन दारात बसला. मी गठ्ठे सोडून एकेक अंक बघत होतो. १९७३ चा ग्वेनचा तो अंक बाजूला काढला. जीन ग्रेचा १९८० चा काढला, १९८६ मध्ये काय झालं हे त्या अंकाला ठाऊक नसल्यामुळे. मराठी इंद्रजालचे सगळे अंक काढले, अर्थातच. फोडलेल्या पिशवीतला सुपरमॅन मात्र त्या काळ्या पट्टीसकट परत गठ्ठ्यात ठेवला.

"अहो, नक्की देताय ना?" हिने विचारलं. तिचाच आवाज जरा ओला झाला होता. "नंतर हळहळाल."

मी म्हटलं, "देऊन टाक. ते काय, येतीलच परत."